सोलेंटमध्ये पाच दिवस कोरडं राहायचं म्हणून: शिडाच्या बोटीवरच्या कपड्यांची खरेदी

सप्टेंबरात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्बल गावातल्या एका सेलिंग शाळेत 24 ते 28 मार्चचा कॉम्पिटंट क्रू कोर्स बुक केला, म्हणजे शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून काम करायला शिकवणारा. तो चालतो सोलेंटमध्ये, म्हणजे तो किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्यामधल्या समुद्राच्या पट्ट्यात. दोन दिवसांनी सामानाची एक पानी यादी आली आणि तिच्यातली एकच ओळ अडली: वॉटरप्रूफ जॅकेट आणि सॅलोपेट, स्वतःचे आणा किंवा आठवड्याला 30 पाउंड भाड्याने घ्या. सॅलोपेट म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्टे असलेली पँट. शाळेला फोन केला, तर भाड्याचे सेट मीडियमपासून पुढचे. माझी उंची 5 फूट 1 इंच. बाही बोटांच्या पुढे लोंबत असेल तर विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या फिरत्या यंत्रावर, दोर घेताना कफ दोरात अडकू शकतो, म्हणून विकत घ्यायचं ठरलं. तुम्हाला शाळेचा सेट बसत असेल तर पहिल्या कोर्सला तोच घ्या. पाच दिवस अंगावर वागवल्याशिवाय आपल्याला नक्की काय हवंय ते कळत नाही.

मुंबईच्या बंदरात शिडं चालवलेल्यांना हा सगळा खटाटोप वाटेल. तिथला मोसम ऑक्टोबर ते मे, पाणी 25 अंशांच्या वर, भिजलात तर अर्ध्या तासात उन्हाने वाळता. मार्चमध्ये सोलेंटचं पाणी 8-9 अंशांवर असतं. त्या पाण्यात भिजलेला माणूस वाऱ्यात बसून राहिला की अंगातली ऊब भराभर जाते, बोटं वळेनाशी होतात, आणि दोरात गाठ मारता येत नसलेला माणूस बोटीवर स्वतःला आणि इतरांना धोक्याचा. माझी भीती हीच होती. बुडण्याची कमी, गारठून निकामी होण्याची जास्त.

दुसरा फरक पाण्याच्या दिशेचा. आपला रेनकोट वरून पडणाऱ्या पावसासाठी बेतलेला असतो. कोकणातलं इरलं पावसाला पाठ देऊन वाकलेल्या माणसासाठी असतं आणि ते काम चोख करतं. शिडाच्या बोटीवर पाणी समोरून येतं, आडवं येतं, आणि ओल्या बाकावर तासन् तास बसल्यामुळे खालूनही येतं. त्यामुळे कपडा किती जलरोधक आहे याहून तो गळ्याशी, मनगटाशी आणि बुडाशी कसा आहे हे आधी बघायचं. हे मला टप्प्याटप्प्याने कळलं.

सुरुवात साउदॅम्पटन बोट शोपासून केली. तो दरवर्षी सप्टेंबरात मेफ्लॉवर पार्कमध्ये भरतो आणि कपड्यांच्या बहुतेक कंपन्या एकाच आवारात सापडतात. मस्टो, गिल, हेली हॅन्सन, हेन्री लॉइड अशी चार दुकानं फिरून अकरा जॅकेटं अंगावर चढवली. विकत काही घेतलं नाही. श्रेण्या साधारण तीन: किनाऱ्याजवळची म्हणजे इनशोअर किंवा कोस्टल, त्यावर ऑफशोअर, त्यावर ओशन. वर जाल तसं कापड जाड, कॉलर उंच, हूड मोठं, आणि किंमत दुप्पट-तिप्पट. मी पाहिलेली कोस्टल जॅकेटं 180 ते 300 पाउंडांत होती, ऑफशोअर 350 पासून पुढे. रोज संध्याकाळी बंदरात परतणाऱ्याला ओशन श्रेणीचं जॅकेट जड पडतं आणि त्यात घाम कोंडतो. माझ्या मते सोलेंटसाठी उंच कॉलरचं कोस्टल जॅकेट पुरतं. पैसे सॅलोपेटवर जास्त घालावेत, कारण सगळा भार बुडावर आणि गुडघ्यांवर येतो.

लेबलवरचे 10,000 किंवा 20,000 मिलिमीटर हे आकडे पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतात, म्हणजे कापड किती दाबापर्यंत पाणी अडवतं ते. पावसाच्या थेंबाचा दाब किरकोळ असतो. ओल्या बाकावर बसलेल्या किंवा डेकवर गुडघे टेकलेल्या माणसाच्या वजनाचा दाब त्याच्या कितीतरी पट. म्हणून जॅकेटला 10,000 चालतील, सॅलोपेटला 20,000 बघा आणि बुडाला, गुडघ्याला जाड कापडाचा दुसरा थर शिवलेला हवा.

बोट शोमध्ये माझी एक चूक झाली. उकडत होतं म्हणून टी-शर्टवरच जॅकेटं घालून पाहिली आणि ‘स्मॉल’ असं वहीत लिहून आले. ती चूक पुढे महागात पडली.

ऑक्टोबरात पैसे वाचवायला एका जाहिरातीवरून वापरलेलं ऑफशोअर जॅकेट 70 पाउंडांना घेतलं. फोटोत झकास दिसत होतं. पार्सल उघडलं तर आंबूस वास आला. आतून उलटं केलं, तर खांद्याच्या शिवणीवरची टेप दोन इंच सुटलेली, आणि हूडच्या मुळाशी अस्तराचा पापुद्रा बोटाने घासला की पांढऱ्या कोंड्यासारखा गळत होता. कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप जुना होऊन सडला की असंच होतं. ओलं घडी करून ठेवलेल्या जॅकेटांत ते लवकर होतं. टेप सुटली असेल तर चिकटवता येते, लेप सडला असेल तर इलाज नाही. तरीही खात्री म्हणून न्हाणीघरात परीक्षा केली: बाही आतून उलटी करून कफ दोरीने घट्ट बांधला, आत दोन लिटर पाणी ओतलं आणि बाही दहा मिनिटं नळाला टांगली. चौथ्या मिनिटाला शिवणीवर थेंबांची रांग उभी राहिली. खाजगी विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूला मन बदललं म्हणून परत करण्याचा हक्क नसतो, आणि विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही. 70 पाउंड गेले.

वापरलेलं घ्यायला माझी हरकत अजूनही नाही, पण हातात घेऊनच. आतून उलटं करा, सगळ्या शिवणींवरून नख फिरवा, कॉलरच्या आतल्या बाजूचा वास घ्या, आणि चेन मिठाने धरली आहे का ते बघायला पाच वेळा वर-खाली करा. सॅलोपेट असेल तर ती घालून खुर्चीवर ठेवलेल्या ओल्या टॉवेलवर दहा मिनिटं बसा.

त्यानंतर फ्रान्समधल्या एका ऑनलाइन दुकानात मला हवं असलेलं जॅकेट 165 पाउंडांना दिसलं. इथे तेच 195. हिशेब मांडला. 15 पाउंड टपाल धरून 180. माल 135 पाउंडांच्या वरचा असला की ब्रिटनच्या हद्दीत जकात लागू होते. युरोपीय संघाशी करशून्य करार आहे, पण तो तिथे बनलेल्या मालाला. हे जॅकेट चीनमध्ये शिवलेलं, म्हणून कपड्याची 12 टक्के जकात, म्हणजे 21.60. त्या बेरजेवर 20 टक्के व्हॅट, 40.32. कुरिअरचा हाताळणी आकार 12. एकूण 254 च्या घरात, आणि ते दुकान तिथला व्हॅट वजा करून देत नव्हतं. परदेशी दुकानातून घेण्याआधी ‘कुठे शिवलं’ ही ओळ वाचा. ‘कुठून येतं’ एवढ्याने भागत नाही.

मग इथलंच जॅकेट 3 नोव्हेंबरला मागवलं, साइज स्मॉल. 6 तारखेला आलं. या वेळी आत जे घालायचं ते सगळं घालून पाहिलं, तर खांदे जखडले. हात वर केले की कंबर उघडी पडत होती. ब्रिटनच्या 2013 च्या ग्राहक नियमांनुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून 14 दिवसांत ‘नको’ असं कळवता येतं, आणि कळवल्यापासून पुढच्या 14 दिवसांत ती परत पाठवायची असते. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क आपोआप नसतो, तिथे दुकानाचं धोरण चालतं. मी 8 तारखेला ईमेल केला, 10 तारखेला पार्सल पाठवलं (माझे 4.95), 19 तारखेला पैसे खात्यात आले. त्याच दिवशी मीडियम मागवलं. लेबल कापायचं नाही, घरातच घालून बघायचं. बाहेर वापरल्याची खूण दिसली तर पैसे कापून घेतात.

जॅकेट घरी आल्यावर काय तपासायचं ते सविस्तर लिहिते, कारण दुकानातला आरसा यातलं काही दाखवत नाही.

आत पूर्ण थर घाला. खुर्चीवर बसा, गुडघे पोटाशी घ्या, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोर ओढल्यासारखं करा. शीड वर चढवताना हात असेच असतात आणि पाणी मनगटावरून कोपराकडे धावतं. त्यासाठी दुहेरी कफ हवा: आत मनगटाला घट्ट बसणारा मऊ रबरी किंवा निओप्रीनचा, आणि त्यावर वेल्क्रोचा बाहेरचा. हातमोज्याचं तोंड या दोन कफांच्या मधे जायला हवं.

कॉलर वर करून चेन पूर्ण लावा. नाकाच्या शेंड्यापर्यंत आली पाहिजे आणि हनुवटीला चेन टोचता कामा नये. मग हूड घाला आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवा. हूड मानेबरोबर वळलं पाहिजे. ते जागेवर राहिलं आणि तुम्ही आत वळलात, तर सुकाणूवर उभं राहिल्यावर तुम्हाला फक्त हूडचं अस्तर दिसेल. डोक्याच्या मागे एक आणि चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन अशा ओढण्या असतील तर हे जमतं.

शेवटी डोळे मिटून, हातमोजे घालून, ओल्या हाताने चेन लावून बघा. जाड दातांची प्लास्टिकची चेन मिठाला दाद देत नाही. धातूची घेऊ नका. चेनवर झडप हवी आणि झडपेच्या मधे पाणी वाहून जायची पन्हळ.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. निळा, राखाडी, काळा, पांढरा नको. लाटांमध्ये फक्त डोकं आणि खांदे वर असतात. हूड झळाळत्या पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचं असावं, त्यावर आणि बाह्यांवर परावर्तक पट्ट्या असाव्यात. माझं जॅकेट लाल आहे, हूड पिवळं.

सॅलोपेट जानेवारीच्या सेलमध्ये मिळाली, आदल्या वर्षीचं मॉडेल, 240 ची 165 ला. बायकांनी इथे एक गोष्ट नक्की बघावी: मागचा भाग चेनने खाली उघडतो का. तसा नसेल तर बोटीवरच्या दोन फुटी संडासात, बोट कलंडलेली असताना, लाइफजॅकेट, जॅकेट आणि खांद्यांचे पट्टे सगळं काढावं लागतं. त्या कटकटीने बायका पाणी प्यायचं टाळतात, आणि पाणी कमी पडलं की थकवा आणि मळमळ दोन्ही वाढतात. उघडणाऱ्या मागच्या भागासाठी 20-30 पाउंड जास्त द्यावे लागले तरी द्या. घरी जॅकेट अंगात ठेवून दोन-तीनदा सराव करा.

बाकीचं फेब्रुवारीत भराभर झालं. रबरी बूट 58 पाउंडांना, जाड मोज्यांसह बसतील असे अर्धा नंबर मोठे. कातडी बूट 250 च्या पुढे होते, पाच दिवसांसाठी त्यांची गरज नाही. बूट पाण्यात झटकून काढता आले पाहिजेत आणि तळ डेकवर काळे डाग न पाडणारा असावा. सॅलोपेटचे पाय बुटाच्या बाहेरून, कधीच आत खोचायचे नाहीत, नाहीतर बूट भरतात.

आतल्या थरांत सुती काही नको. जीन्स नाही, सुती टी-शर्ट नाही, आणि सुती आतले कपडेसुद्धा शक्यतो नाहीत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंगाला गार चिकटतं. लोकर ओली झाली तरी ऊब देते. घोंगडीवर पाऊस झेललेल्या धनगराला हे सांगावं लागत नाही, मेरिनो मेंढीची लोकर हे त्याच गुणाचं मऊ रूप. मेरिनोचा अंगातला लांब बाह्यांचा कपडा 45 ला आणि पॉलिएस्टरची लांब पँट 15 ला घेतली. त्यावर 22 पाउंडांचा फ्लीसचा स्वेटर, सुपरमार्केटमधला. सेलिंगच्या दुकानात तोच प्रकार 70 ला होता आणि आतल्या थराला नाव बघायची गरज नाही. लोकरी मोजे दोन जोड 20, लोकरी टोपी आणि गळपट्टी 14.

हातमोजे दोन प्रकारचे. दोर हाताळायला अंगठा आणि पहिलं बोट उघडं असलेले 18 चे. सुकाणूवर बसायला मच्छीमार वापरतात तसे आतून फ्लीस लावलेले पीव्हीसीचे 11 चे. दुसरे घेताना मन साशंक होतं. आता सांगते, सगळ्या यादीतली पैशाला सर्वांत जास्त जागणारी वस्तू तीच.

यात 40 लिटरची कोरडी पिशवी 18 ला आणि धुण्याचं व जलरोधक द्रव 16 ला धरलं, तर एकूण 597 पाउंड. सडक्या जॅकेटचे 70 आणि टपालाचे 4.95 वेगळे. लाइफजॅकेट शाळेने दिलं.

24 मार्चला सोमवारी हॅम्बलहून निघालो. पहिल्याच तासात सगळे थर घातल्याचा फटका बसला. विंच फिरवताना घामाने मेरिनो भिजलं आणि कॅलशॉटचं टोक ओलांडून वाऱ्यात स्थिर बसल्यावर तीच ओल गार पडली. मंगळवारपासून क्रम बदलला: कष्टाचं काम असताना फ्लीस काढून पिशवीत, काम संपलं की थंडी वाजायच्या आधी परत अंगावर. थंडी वाजायला लागल्यावर घातलेला स्वेटर उशिरा घातलेला असतो. आणि जॅकेट-सॅलोपेट धक्क्यावरच घालून घ्या. खुल्या पाण्यात खाली केबिनमध्ये जाऊन वाकून बूट चढवणं म्हणजे मळमळीला आमंत्रण.

लाइफजॅकेट नेहमी जॅकेटच्या वर. आत घातलं आणि ते फुगलं तर छाती दाबली जाते. ते अंगावर घेण्याआधी हूड बाहेर काढून ठेवायचं, कारण पट्ट्याखाली दबलेलं हूड एका हाताने निघत नाही. पायांमधून जाणारा पट्टा घट्ट लावायचा, नाहीतर पाण्यात लाइफजॅकेट कानांपर्यंत वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. जॅकेटने अंगाची जाडी वाढते, म्हणून हे सगळे पट्टे रोज पूर्ण कपड्यांवर नव्याने बेतावे लागले.

खरी परीक्षा गुरुवारी झाली. आइल ऑफ वाइटवरच्या यार्मथहून सकाळी ओहोटीबरोबर हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडातून बेटाच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांकडे निघालो. अमावास्या दोन दिवसांवर होती. अशा वेळी तिथे प्रवाह 4 नॉटच्या, म्हणजे ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या आसपास धावतो, आणि समोरून नैऋत्येचा वारा असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. पाऊस थेंबभर नव्हता, तरी दीड तास दर मिनिटाला नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, फवारा येत होता. बुडाखाली कोरडं राहिलं, गुडघे कोरडे राहिले. ओलं झालं ते दोनच जागी. डावं मनगट, कारण घाईत हातमोजा बाहेरच्या कफाच्या वरून घातला होता. आणि गळ्याखाली तळहाताएवढा चट्टा, कारण कोणाशी बोलताना कॉलर दोन इंच उघडली आणि तशीच राहिली. तेवढ्या चट्ट्याने पुढचा तासभर कुडकुडायला लावलं. गळ्यात छोटा टॉवेल गुंडाळायचा सल्ला शिक्षिकेने दिला, तो शुक्रवारी पाळला आणि तो कामी आला.

शनिवारी घरी आल्यावर जॅकेट आणि सॅलोपेट न्हाणीघरात गोड्या पाण्याने धुतले. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे न धुतलेला कपडा आठवडाभर दमट राहतो. चेनमध्ये कोमट पाणी ओतून ती दहा वेळा फिरवली. जॅकेटच्या खांद्यांवर पाण्याचे थेंब उभे न राहता कापडात पसरत होते. ते गळणं नव्हे. वरचा पाणी झटकणारा लेप मीठ आणि मळाने झाकला जातो, कापड जड आणि गार होतं, आणि आतला घाम बाहेर पडत नाही. साधी पावडर आणि सॉफ्टनर यांनी तो लेप बिघडतो, म्हणून खास द्रवाने 30 अंशांवर धुतलं. लेबलवर परवानगी होती म्हणून मंद आचेवर वीस मिनिटं ड्रायरमध्ये फिरवलं, आणि थेंब परत गोल उभे राहिले. जलरोधक द्रवाची बाटली अजून उघडलेली नाही. आता दोन्ही कपडे रुंद हँगरवर, चेन उघडी ठेवून, कपाटाच्या दाराबाहेर टांगलेत.